गाळ काढूनही पाणी पुन्हा गढूळ: अ‍ॅक्वापोनिक्समधल्या विष्ठेचा माग कसा काढायचा

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी फिरवून त्यावर रोपं वाढवायची पद्धत. त्यात गढूळ पाण्याची लक्षणं बहुतेकांची सारखीच असतात. टाकीच्या तळाचा गाळ नळीने ओढून काढला, थोडं पाणी बदललं, दोन-चार दिवस तळ लख्ख दिसला. मग पाणी पुन्हा तपकिरी व्हायला लागतं, रोपांच्या मुळांवर चिकट लेप चढतो, बेल सायफन (रोपांचा वाफा पाण्याने भरला की आपोआप रिकामा करणारी नळी) अडखळतो आणि मासे तेवढेच असूनही अमोनिया वर सरकतो. पुन्हा सफाई, पुन्हा तेच.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे मोठा फिल्टर बसवा. माझ्या मते फिल्टर बदलणं हा शेवटचा उपाय. बहुतेक ठिकाणी फिल्टर लहान नसतोच. विष्ठा फिल्टरपर्यंत पोहोचायच्या आत फुटून बारीक झालेली असते, नाहीतर फिल्टरमध्ये अडकून तिथेच सडत पडलेली असते. पहिल्या प्रकारात कितीही मोठा फिल्टर लावला तरी बारीक कण त्यातून पार होतात. दुसऱ्या प्रकारात मोठा फिल्टर म्हणजे सडण्यासाठी जास्त जागा.

आधी गाळ किती तयार होतो याचा अंदाज घ्या. माशांनी खाल्लेल्या खाद्याच्या साधारण पंचवीस ते तीस टक्के वजनाइतकी सुकी घन विष्ठा बाहेर पडते. पाच किलो मासे आणि वजनाच्या दोन टक्के खाद्य धरलं तर रोजचे १०० ग्रॅम खाद्य, म्हणजे २५ ते ३० ग्रॅम सुका गाळ. आकडा किरकोळ वाटतो, पण हा गाळ बहुतांश पाणीच असतो, त्यामुळे ओल्या रूपात तो कितीतरी मोठी जागा व्यापतो. आणि तो रोज येतो. महिन्यात तीन किलो खाद्य टाकलं आणि गाळ बाहेर काढल्याचं आठवत नसेल, तर पाऊण किलोच्या आसपास सुका ऐवज कुठेतरी बसला आहे, किंवा कुजून त्याचा अमोनिया झाला आहे.

बरणीची चाचणी

काहीही विकत घ्यायच्या किंवा तोडायच्या आधी ही चाचणी करा. उभट, पारदर्शक, सरळ बाजूंची बरणी घ्या. माशांना खाऊ घातल्यावर तासा-दोन तासांनी, टाकीतून फिल्टरकडे जाणाऱ्या पाण्याने ती भरा. दुसरी बरणी फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याने भरा. दोन्ही शेजारी शेजारी, न हलवता, अर्धा ते एक तास ठेवा. पहिली पाच मिनिटं मात्र समोर बसून बघायचं.

पहिल्या बरणीत जाडसर तुकडे, दोऱ्यासारखे किंवा लांबट, पटापट तळाशी जात असतील तर चांगली बातमी आहे. विष्ठा अखंड येते आहे. असे तुकडे दुसऱ्या बरणीतही दिसले तर फिल्टरमधून पाणी गरजेपेक्षा वेगाने धावतंय.

पहिल्याच बरणीत तुकडे नाहीत, नुसती धूळ तरंगते आणि तासाभरानेही पाणी निवळत नाही, तर विष्ठा वाटेतच फुटतेय. साधारण १०० मायक्रॉनपेक्षा मोठे कण निवळण टाकीत, म्हणजे पाणी मंदावून गाळ तळाशी बसवणाऱ्या फिल्टरमध्ये, बसतात. ३० मायक्रॉनच्या खालचे कण घरगुती निवळण टाकीत बसायचं नाव घेत नाहीत. त्यामुळे इथे आधी फुटण्याचं कारण शोधावं लागेल.

पाणी हिरवं असेल तर ते शेवाळ. त्याचा विष्ठेशी थेट संबंध नाही, टाकीवर पडणारा उजेड अडवा. दुधासारखी पांढुरकी झाक असेल आणि व्यवस्था नवी असेल, तर ती बहुधा जिवाणूंची वाढ. खाद्य कमी करा, हवा वाढवा आणि वाट बघा. या दोन्हींसाठी फिल्टर घासत बसणारे लोक मी बरेच पाहिलेत. हाताला काम मिळतं, पाण्याला फरक पडत नाही.

तुकडे वरून तळापर्यंत जायला किती वेळ लागला तेही घड्याळावर मोजा आणि लिहून ठेवा. २० सें.मी. उंचीची बरणी आणि बहुतेक तुकडे दोन मिनिटांत तळाशी, म्हणजे त्यांचा वेग मिनिटाला १० सें.मी. हा आकडा पुढे लागणार आहे.

विष्ठा फुटते कुठे

पहिला संशयित पंप. टाकीत पंप बुडवून ठेवलेला आणि तोच पाणी फिल्टरकडे ढकलतोय, अशी मांडणी असेल तर पंपाचं फिरतं पातं प्रत्येक तुकड्याचा भुगा करतं. पाणी टाकीतून उताराने फिल्टरमध्ये, तिथून रोपांकडे आणि तिथून सम्पमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या टाकीत, गेलं पाहिजे. पंप सम्पमध्ये. म्हणजे पंपाच्या वाट्याला येतं ते घाण काढलेलं पाणी. यासाठी टाकी थोडी उंचावर घ्यावी लागते, पाइपांची पुन्हा जोडणी करावी लागते आणि हे काम कोणालाच नको असतं. पण एवढा एक बदल केल्यावर जुनाच फिल्टर पुरेसा ठरल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

पंप बरोबर जागी असूनही धूळच येत असेल तर टाकीच्या आत बघा. एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) तळाच्या मधोमध किंवा निचऱ्याच्या तोंडाशी ठेवला असेल तर बसलेली विष्ठा तो सतत वर उचलतो आणि घुसळतो. तो कडेला, तळापासून थोडा वर टांगा. हवा कमी करू नका, फक्त जागा बदला.

पाणी टाकीबाहेर कुठून जातं हेही महत्त्वाचं. वरच्या काठाजवळच्या भोकातून जात असेल तर सगळ्यात स्वच्छ पाणी बाहेर पडतं आणि घाण तळाशी राहते. मासे शेपटीने ती तुडवत राहतात. उपाय साधा आहे: पाण्याची पातळी ठरवणाऱ्या उभ्या पाइपभोवती जाड व्यासाचा दुसरा पाइप उभा करायचा. त्याच्या खालच्या टोकाला खाचा पाडायच्या आणि वरचं टोक पाण्याच्या वर ठेवायचं. आता पाणी तळातून शिरतं, दोन पाइपांच्या मधून वर चढतं आणि आतल्या पाइपात पडतं. पातळी तीच राहते, पण बाहेर जातं ते तळाचं पाणी. टाकीला भोक पाडायचं नसेल आणि पाइप काठावरून वळवून बाहेर काढला असेल, तर सगळ्यात वरच्या वळणावर हवेसाठी भोक किंवा उघडी टी ठेवायला विसरू नका. नाहीतर एखाद्या वेळी सायफन धरतो आणि टाकी रिकामी होते.

गोल टाकीत परतणारं पाणी भिंतीला समांतर सोडलं की सगळं पाणी हळू फिरतं आणि कपातला चहा ढवळल्यावर पावडर जशी मधोमध गोळा होते तशी विष्ठा मध्यभागी येते. निचरा तिथेच असला पाहिजे. चौकोनी टाकीत कोपऱ्यांत गाळ साचणारच. कोपऱ्यांकडे पाण्याचा झोत वळवून तो थोडाफार हलवता येतो, इतकंच. शिवाय टाकीतलं सगळं पाणी साधारण तासाला एकदा फिरायला हवं. त्याहून फारच हळू असेल तर विष्ठा निचऱ्यापर्यंत पोहोचायच्या आत मऊ पडून विरघळायला लागते.

निचऱ्याचा आडवा पाइपही एकदा बघून घ्या. पाइप गरजेपेक्षा जाड असला की पाणी त्यात मंदावतं आणि गाळ पाइपातच बसतो. अधूनमधून झाकण काढून जोरात पाणी सोडता येईल अशी सोय एका टोकाला ठेवा.

निवळण टाकी आणि वेगाचं गणित

निवळण टाकी किती खोल आहे यापेक्षा तिचं तोंड किती रुंद आहे हे जास्त महत्त्वाचं. कारण पाणी वर चढतं आणि कण खाली पडतात. वर चढण्याचा वेग पडण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की कण वाहून जातो.

गणित असं: मिनिटाला किती लिटर पाणी येतं, त्याला १००० ने गुणा आणि टाकीच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने, चौरस सेंटिमीटरमध्ये, भागा. उत्तर म्हणजे पाणी मिनिटाला किती सेंटिमीटर वर चढतं. ताशी १००० लिटर म्हणजे मिनिटाला साधारण १६.७ लिटर. २०० लिटरच्या ड्रमचा व्यास ५७ सें.मी.च्या आसपास, क्षेत्रफळ सुमारे २५५० चौरस सें.मी. चढण्याचा वेग आला मिनिटाला साडेसहा सें.मी. बरणीतले तुकडे मिनिटाला १० सें.मी. पडत होते, म्हणजे ते या ड्रममध्ये बसतील. तेच पाणी २८ सें.मी. व्यासाच्या बादलीतून नेलं तर वेग होतो मिनिटाला २७ सें.मी. बादलीचा स्वर्ल फिल्टर (पाणी गोल फिरवून गाळ बसवणारा) कितीही सुबक बनवला असला तरी त्या प्रवाहाला तो पुरणार नाही. आणि ड्रममधूनच ताशी ३००० लिटर पाठवले तर वेग वीस सें.मी.च्या घरात जातो, गाळ बाहेर. प्रत्यक्षात चढण्याचा वेग पडण्याच्या वेगाच्या निम्म्यावर राहील असं बघावं, कारण सगळे तुकडे सारखे नसतात आणि पाणीही सगळीकडून सारखं चढत नाही.

प्रवाह पंपाच्या खोक्यावरून घेऊ नका. तो आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसताना मिळणारा असतो. बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा.

प्रवाह जास्तच लागत असेल आणि ड्रम मोठा करणं शक्य नसेल तर पाण्याचे दोन भाग करता येतात. मत्स्यपालनात याला कॉर्नेल पद्धतीचा दुहेरी निचरा म्हणतात. गोल टाकीत मधल्या तळातून साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी पाणी काढायचं, उरलेलं बाजूच्या भिंतीतून. जड विष्ठा त्या थोड्या पाण्यासोबत मधून जाते आणि निवळण टाकीला तेवढंच पाणी हाताळावं लागतं.

आता स्वर्ल की रेडियल? स्वर्लमध्ये पाणी कडेने गोल फिरवत आत सोडतात. रेडियलमध्ये ते मध्यभागी, तळ नसलेल्या एका रुंद नळकांड्याच्या आत सोडतात. तिथे त्याचा जोर मरतो, मग ते खालून बाहेर पसरतं आणि सगळ्या कडेवरून सावकाश वर चढतं. घरी बनवणार असाल तर रेडियलच बनवा. काम तेवढंच आहे आणि गाळ बराच जास्त धरला जातो. कारण स्वर्लमध्ये फिरणारं पाणी बसलेला गाळही फिरवत राहतं. हातात स्वर्ल असेलच तर फेकून देऊ नका. आत येणाऱ्या पाइपाला एल्बो लावून पाणी मधल्या नळकांड्यात सोडा, झाला रेडियल. पाणी बाहेर जाण्याची वाट मात्र एका भोकाऐवजी कडेने पसरलेली हवी. एकच भोक असेल तर सगळं पाणी त्या बाजूला धावतं आणि तुम्ही काढलेलं गणित कागदावर राहतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा पाइप टाकून त्याला वरच्या बाजूने एका ओळीत खाचा पाडल्या तरी चालतं.

निवळण टाकीत येणाऱ्या पाण्यात बुडबुडे नकोत. बुडबुडे कणांना चिकटून त्यांना तरंगवतात. धबधब्यासारखं पडणारं पाणी ऐकायला छान असतं, पण ते निवळण टाकीच्या पुढे पडू द्या.

गाळ धरला, पण काढला नाही

वारंवार उद्भवणाऱ्या तक्रारींमागे सगळ्यात जास्त वेळा हेच असतं. फिल्टरने काम चोख केलेलं असतं, पण मालक खालचा व्हॉल्व्ह पंधरा दिवस उघडत नाही.

साचलेल्या गाळावर विष्ठा खाणारे जिवाणू झपाट्याने वाढतात. अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या आपल्या कामाच्या जिवाणूंपेक्षा त्यांची वाढ कितीतरी वेगवान असते आणि दोघांनाही ऑक्सिजन त्याच पाण्यातून घ्यायचा असतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे ४.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. तो आधीच गाळात खर्च झाला की बायोफिल्टर, म्हणजे आपल्या कामाचे जिवाणू जिथे राहतात तो भाग, उपाशी. अमोनिया वर जायचं कारण मासे नसून तळाचा गाळ असतो तो असा. गाळाच्या आत ऑक्सिजन संपला की नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार होतो, त्याचे बुडबुडे गाळाचे गोळे वर उचलतात आणि निवळण टाकीच्या पृष्ठभागावर तपकिरी पापुद्रे तरंगताना दिसतात. ते पापुद्रे दिसले की समजा, गाळ फार दिवस ठेवलाय. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर प्रकरण आणखी पुढे गेलंय: हायड्रोजन सल्फाइड, माशांना थोड्या प्रमाणातही घातक. असा गाळ ढवळायचा नाही. आधी निवळण टाकीचा प्रवाह बंद करायचा आणि मगच तळातून सगळं बाहेर सोडायचं.

व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी उभारलेल्या प्रसिद्ध व्यवस्थेत शंकूच्या तळाच्या निवळण टाक्यांमधून गाळ दिवसातून तीनदा सोडला जायचा. शंकूचा उतार ४५ अंशांचा, आणि भिंतींना चिकटलेला गाळ सुटावा म्हणून आत तिलापियाची वीसेक पिल्लं सोडलेली. पिल्लं भिंती चरतात, गाळ घसरत खाली येतो. एवढं करूनही त्या टाक्या निम्म्याच्या आसपास घन पदार्थ धरायच्या. बाकीचे बारीक कण पुढच्या टाक्यांमधल्या जाळ्यांवर अडकायचे आणि त्या जाळ्या आठवड्यातून एक-दोनदा धुतल्या जायच्या.

घरी तीनदा करायची गरज नाही, पण रोज एकदा व्हॉल्व्ह उघडा. सकाळी, खाद्य टाकण्याआधी. झटक्यात पूर्ण उघडायचा, काळपट पाणी येत असेपर्यंत थांबायचं, निवळ पाणी दिसलं की बंद. हळूहळू उघडला तर मधोमध पाण्याची वाट पडते आणि कडेचा गाळ जागचा हलत नाही. सपाट तळाच्या ड्रममध्ये हा त्रास नेहमीचा असतो, म्हणून शक्य असेल तर शंकूच्या तळाचा घ्या, नाहीतर ड्रम निचऱ्याच्या बाजूला थोडा कलता ठेवा.

बारीक कण

निवळण टाकीतून सुटलेल्या धुळीसाठी तिच्यापुढे दुसरा टप्पा हवा: फोम, फिल्टर फ्लॉस किंवा गुंडाळलेली प्लास्टिकची जाळी. फोम बारीक छिद्रांचा असेल तर तो लवकर तुंबतो, मग पाणी बाजूच्या फटीतून निघून जातं आणि बाहेरून सगळं सुरळीत दिसतं. म्हणून आधी जाड छिद्रांचा आणि मग बारीक, आणि तुंबल्यावर पाणी कुठून ओसंडतंय ते डोळ्यांना दिसेल अशी मांडणी. हा फोम धुण्यासाठीच असतो. त्याच्यावर बायोफिल्टरची जबाबदारी टाकलीत तर तो धुवायला हात धजावणार नाही. जिवाणूंसाठी वेगळं माध्यम पुढे ठेवा आणि ते कधी धुवावं लागलंच तर टाकीतल्याच पाण्यात हलवून काढा. क्लोरीन असलेल्या पाण्याने ते जिवाणू मरतात.

मुळांवरचा तपकिरी लेप बघून घाबरण्याआधी एक मूळ मगभर पाण्यात हलकेच खळबळून बघा. लेप निघाला आणि आत पांढरं मूळ दिसलं तर तो नुसता गाळ, फिल्टर सुधारला की पुढची मुळं स्वच्छ येतील. वरची साल बोटांत सुटून आली आणि मागे दोरा राहिला तर ती मूळकूज, तिच्यावरचे उपाय वेगळे.

खडीच्या वाफ्यांची गोष्ट वेगळी

खडीचा वाफा स्वतःच गाळणी, बायोफिल्टर आणि कुजवण्याची जागा असतो. ३० सें.मी. खोलीचा वाफा, भरती-ओहोटी नीट चालणारी आणि मासे बेताचे असतील तर वेगळा घन-फिल्टर नसला तरी भागतं. लाल गांडुळं सोडली तर आणखी बरं, पाणी उतरल्यावर खडीत हवा शिरते आणि ती मजेत राहतात.

वाफा तुंबल्याची खूण म्हणजे खडीच्या वर पाणी दिसणं किंवा ओहोटी रेंगाळणं. आधी सायफनभोवतीचा जाळीचा पाइप तपासा, बऱ्याचदा तिथे मुळांचा गुंता असतो. नंतर पाणी जिथे पडतं ती जागा, कारण गाळ मुख्यतः तिथेच साचतो. तेवढीच खडी काढून टाकीच्या पाण्यात धुवा. सगळा वाफा एकदम उपसून धुतलात तर वाफा स्वच्छ होईल आणि आठवडाभर अमोनियाशी झुंजावं लागेल.

खाद्य आणि काढलेला गाळ

खाद्याबद्दल थोडक्यात. वीस-तीस मिनिटांत संपत नसेल तेवढं जाळीने काढून टाका आणि दुसऱ्या दिवशी कमी द्या. पिशवीच्या तळाचा चुरा चाळून घ्या, मासे तो खात नाहीत आणि तो थेट गढूळपणात जमा होतो.

काढलेला गाळ मात्र फेकू नका. खाद्यातल्या फॉस्फरसचा मोठा भाग त्यातच असतो. सगळ्यात सोपं म्हणजे मातीतल्या झाडांना किंवा कंपोस्टला घालणं. व्यवस्थेतच परत वापरायचा असेल तर वेगळ्या बादलीत घ्या आणि एअरस्टोनने जोरात हवा देत काही आठवडे ठेवा. घाण वास जाऊन मातीसारखा वास यायला लागला की हवा बंद करून निवळू द्या आणि वरचं पाणी, अमोनिया आणि पीएच तपासून, थोडं थोडं सम्पमध्ये सोडा. झाकण बंद करून, हवा न देता ठेवलेली गाळाची बादली बंद खोलीत उघडू नका.

बदल एकेक करा. एअरस्टोन हलवला, आठवडाभर थांबा, पुन्हा दोन बरण्या भरा. तुकडे अखंड यायला लागले, दुसरी बरणी निवळ, व्हॉल्व्ह रोज उघडला जातोय आणि तरीही पाणी मळतंच, तर माशांचं वजन करा. अन्न व कृषी संघटनेचं २०१४ चं मार्गदर्शन लहान व्यवस्थांसाठी १००० लिटरला १० ते २० किलो मासे सुचवतं, आणि पालेभाज्यांच्या दर चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य. सहा महिन्यांपूर्वी बोटाएवढे सोडलेले मासे आज किती भरतात हे न मोजता अंदाजाने सांगणारे हमखास कमी सांगतात. वजन जास्त भरलं तर मोठे मासे बाहेर काढायची वेळ झाली आहे.